ऱ्हास कोणाच्या दृष्टीने? : 'द सिम्पसन्स'विषयीच्या एका वादाचा इतिहास

१

वाङ्मयेतिहासात 'ऱ्हास' ही संज्ञा जितक्या सहजपणे वापरली जाते तितक्या सहजपणे ती तपासली जात नाही. उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास असा त्रिखंडी आलेख एकदा मांडला, की कृतीचे वय आणि कृतीचे मूल्य यांचा संबंध स्वयंसिद्धच आहे असे वाटू लागते. ऱ्हासाचा निवाडा कोण देतो, तो कोणत्या काळी दिला जातो, ज्या उत्कर्षाशी तुलना केली जाते तो त्याच्या स्वतःच्या काळात कसा स्वीकारला गेला होता, हे प्रश्न मग मागे पडतात. ग्रंथरूप कृतींच्या बाबतीत त्यांची उत्तरे मिळवणे अवघडही असते. कारण सामान्य वाचकाचा तत्कालीन प्रतिसाद क्वचितच लेखनिविष्ट होतो. एका अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या बाबतीत मात्र असा प्रतिसाद प्रारंभापासून, जवळजवळ प्रत्येक भागागणिक, नोंदला गेलेला आहे. ऱ्हासाच्या कल्पनेची चिकित्सा करू पाहणाऱ्या अभ्यासकाला ही सामग्री दुर्मीळ म्हणावी अशीच आहे.

'द सिम्पसन्स' ही ती मालिका. मॅट ग्रेनिंग यांनी कल्पिलेले हे व्यंगचित्रात्मक कुटुंब १९ एप्रिल १९८७ रोजी 'द ट्रेसी उलमन शो' या कार्यक्रमातील छोट्या चित्रफितींमधून प्रथम अवतरले. ग्रेनिंग, जेम्स एल. ब्रूक्स आणि सॅम सायमन यांनी त्याला अर्ध्या तासाच्या स्वतंत्र विनोदी मालिकेचे रूप दिले आणि १७ डिसेंबर १९८९ रोजी फॉक्स वाहिनीवरून तिचा पहिला भाग प्रसारित झाला. स्प्रिंगफील्ड हे काल्पनिक गाव, तेथील अणुऊर्जा प्रकल्पात नोकरी करणारा आळशी, खादाड पण कुटुंबवत्सल होमर, त्याची पत्नी मार्ज, आणि बार्ट, लिसा व मॅगी ही मुले असा हा संसार आहे. बार्टचे वय दहा आणि लिसाचे आठ. तीन तपे उलटली तरी ती वये तेवढीच आहेत. २०२५ च्या मध्यापर्यंत या मालिकेचे पावणेआठशेहून अधिक भाग झाले होते.

तिच्या चाहत्यांमध्ये रूढ झालेला इतिहास थोडक्यात असा : साधारणतः तिसऱ्या पर्वापासून आठव्या पर्वापर्यंत 'सुवर्णयुग' होते, १९९७ च्या सुमारास घसरण सुरू झाली, पुढे होमरचा भाबडेपणा जाऊन निव्वळ उद्दामपणा उरला, कथानके ओढूनताणून रचली जाऊ लागली आणि उपरोधाची जागा आचरटपणाने घेतली. हे वर्णन सर्वस्वी खोटे नाही. परंतु या वादाच्या इतिहासात दोन क्षण असे आहेत, की ज्यांत मालिकेनेच स्वतःच्या पात्राच्या मुखातून आपल्या प्रेक्षकाला उत्तर दिले : एक १९९७ मधील, दुसरा २०१८ मधील. दोन्ही वेळा बोलणारे पात्र एकच आहे, युक्तिवादही जवळजवळ एकच आहे. त्याचे मूल्य मात्र परस्परविरुद्ध आहे. या विरोधाचा उलगडा केल्याशिवाय ऱ्हासाच्या चर्चेचे मर्म हाती लागणार नाही.

२

पहिली लक्षणीय गोष्ट कालक्रमाची. मालिका सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच, १९९० मध्ये, संगणक-जाळ्यावर तिच्या चाहत्यांचा एक चर्चागट निर्माण झाला. संगणक तेव्हा घरोघरी पोहोचलेला नव्हता. अशा गटांत वावरणारा वर्ग मुख्यतः विद्यापीठे आणि तांत्रिक संस्था यांतला होता. प्रत्येक भागातील संदर्भ हुडकणे, विसंगती टिपणे आणि भागाला गुणानुक्रम देणे हा या मंडळींचा परिपाठ झाला. पाठचिकित्सेची जी शिस्त विद्वान एखाद्या प्राचीन संहितेला लावतात, तीच येथे आठवड्याच्या करमणुकीला लावली जात होती.

याच वर्तुळात 'आजवरचा सर्वांत वाईट भाग' हा निवाडा उच्चारला गेला. तो ज्या भागाविषयी होता तो 'इची अँड स्क्रॅची : द मूव्ही' नोव्हेंबर १९९२ मध्ये, म्हणजे चौथ्या पर्वात, प्रसारित झालेला होता. आज ज्याला निर्विवादपणे सुवर्णयुगाचा गाभा मानले जाते तेच हे पर्व. म्हणजे ऱ्हासाची तक्रार ही उत्कर्षाच्या समाप्तीनंतर उद्भवलेली नाही. उत्कर्ष चालू असताना, त्याच्या बरोबरीनेच, ती जन्मली.

'होमर्स एनिमी' या भागाची कथाही बोलकी आहे. मे १९९७ मध्ये प्रसारित झालेल्या या भागात फ्रँक ग्राइम्स नावाचा कष्टाळू, एकाकी मनुष्य होमरचा सहकारी म्हणून येतो. कसलीही लायकी नसताना होमरला घर, कुटुंब आणि मित्र कसे लाभले, हे कोडे त्याला सोसवत नाही आणि त्या संतापातच त्याचा अंत होतो. विनोदी मालिकेचे सारे संकेत एका वास्तववादी मनुष्याच्या डोळ्यांनी पाहिले तर ते किती क्रूर दिसतील, याचा हा प्रयोग होता. तत्कालीन चाहत्यांपैकी अनेकांना तो रुचला नाही. पुढे तोच भाग मालिकेच्या श्रेष्ठ भागांमध्ये गणला जाऊ लागला.

हान्स रोबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कोन्स्टान्झ येथील व्याख्यानात मांडलेली 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची संकल्पना येथे उपयोगी पडते. कृती अवतरते तेव्हा वाचकाच्या मनात पूर्वपरिचित कृतींनी घडवलेले एक क्षितिज असते. नवी कृती आणि ते क्षितिज यांतील अंतरावर तिचा तात्कालिक स्वीकार अवलंबून असतो, आणि क्षितिज सरकले की मूल्यही बदलते. क्रमशः चालणाऱ्या कृतीत या सिद्धान्ताला एक वेगळे वळण मिळते. तेथे नव्या भागाकडे ज्या क्षितिजावरून पाहिले जाते, ते प्रामुख्याने त्याच कृतीच्या आधीच्या भागांनी घडवलेले असते. कृती स्वतःचीच प्रतिस्पर्धी होते. प्रत्येक उत्तम भाग पुढील भागाची वाट अधिक बिकट करतो.

ऱ्हासाचा दोष व्यक्तींवर ठेवण्याचा प्रयत्नही चाहत्यांनी केला. मालिकेच्या लेखनकक्षाचे सूत्रधार वेळोवेळी बदलले : तिसऱ्या-चौथ्या पर्वात अल जीन व माइक रीस, पाचव्या-सहाव्यात डेव्हिड मर्किन, सातव्या-आठव्यात बिल ओकली व जॉश वाइनस्टीन, नवव्यापासून बाराव्यापर्यंत माइक स्कली. चाहत्यांच्या इतिहासात घसरणीचे खापर बहुधा स्कली यांच्या माथी फुटते. परंतु २००१ पासून सूत्रे पुन्हा अल जीन यांच्या हाती आली. सुवर्णयुगाच्या एका सूत्रधाराचे हे पुनरागमन असूनही तक्रार थांबली नाही. 'होमर्स एनिमी' लिहिणारे जॉन स्वार्ट्झवेल्डर हेही २००३ पर्यंत मालिकेसाठी लिहीत होते. माणसे तीच असूनही जर परिणाम निराळा होत असेल, तर कारण केवळ लेखकात शोधून भागत नाही.

३

९ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रसारित झालेला 'द इची अँड स्क्रॅची अँड पूची शो' हा भाग मालिकेचा १६७ वा. 'द फ्लिंटस्टोन्स' या जुन्या ॲनिमेशन मालिकेचा १६६ भागांचा विक्रम त्याने मोडला. असा प्रसंग कोणत्याही निर्मितीसंस्थेने उत्सव म्हणून साजरा केला असता. येथे मात्र दीर्घायुष्य हाच विडंबनाचा विषय झाला. सिम्पसन कुटुंबातील मुले जे मांजर-उंदराचे हिंस्र व्यंगचित्र पाहतात, त्याची लोकप्रियता घसरते. चालक घाबरून 'पूची' नावाचा एक फॅशनेबल कुत्रा त्यात घुसडतात आणि प्रेक्षक त्याला तात्काळ झिडकारतात. त्याच वेळी सिम्पसनांच्या घरात रॉय नावाचा एक तरुण कसलेही स्पष्टीकरण न देता वावरताना दिसतो. थकलेल्या मालिका नवी पात्रे कशी आणतात, याचे विडंबन एकाच भागात दोन पातळ्यांवर चालते.

याच भागात चित्रकथांचा लठ्ठ, तुसडा दुकानदार तो चर्चागटातला निवाडा जसाच्या तसा उच्चारतो. बार्ट त्याला विचारतो, की इतकी वर्षे ज्यांनी तुला फुकट आनंद दिला त्यांचे तुझ्यावर ऋण की तुझे त्यांच्यावर? चाहत्याचा उद्गार संहितेने गिळंकृत केला आणि त्याच्या तोंडावर परत फेकला. यात लेखकांचा त्रागा आहे. पण चाहत्याचे अस्तित्व मान्य केल्याची पावतीही आहे. ज्याची थट्टा केली जाते तो वाचक संहितेच्या आत शिरलेला असतो.

त्याहून महत्त्वाचे उत्तर लिसा देते. चाचणीसाठी बसवलेल्या मुलांच्या गटात ती असे सुचवते, की त्या व्यंगचित्रात बिघाड असा झालेलाच नाही. ते पूर्वीइतकेच चांगले आहे. इतक्या वर्षांनंतर ती पात्रे पूर्वीसारखा आघात करू शकत नाहीत, इतकेच. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून आलेला हा स्वीकारसिद्धान्तच म्हणावा लागेल : संहिता तीच आहे, बदलला तो प्रेक्षक. आणि हे विधान ज्या प्रेक्षकापुढे केले गेले तो खरोखरच तृप्त, सरावलेला, पहिल्या दिवसापासून आदराने वागवला गेलेला प्रेक्षक होता. त्याच्या बाबतीत ते न्याय्य होते.

४

तथापि सर्व तक्रारी केवळ सरावातून आल्या असे मानणे चाहत्यांवर अन्याय करणारे ठरेल. २८ सप्टेंबर १९९७ रोजी आलेल्या, केन कीलर यांनी लिहिलेल्या 'द प्रिन्सिपल अँड द पॉपर' या भागात शाळेचे मुख्याध्यापक सीमोर स्किनर हे तोतया असून त्यांचे खरे नाव आर्मिन टॅम्झेरियन आहे, असे उघड होते. व्हिएतनाम युद्धात मृत मानला गेलेला खरा स्किनर परततो. गावाला तो आवडत नाही. त्याला रेल्वेगाडीला बांधून रवाना केले जाते, आणि न्यायाधीश फर्मावतो की सर्व काही पूर्ववत मानावे व याचा उच्चार पुन्हा कोणी करू नये. स्किनरचा आवाज देणारे नट हॅरी शिअरर यांनी पुढे जाहीरपणे सांगितले, की प्रेक्षकांनी आठ-नऊ वर्षे ज्या पात्रात जीव गुंतवला ते लेखकांनी अकारण कचऱ्यात टाकले. जवळच्या गोष्टी आहेत तशाच राहाव्यात असा हट्ट धरणाऱ्या लोकांविषयीच हा भाग होता, असे समर्थन कीलर यांनी केले.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आनंदवर्धनाने अनौचित्य हेच रसभंगाचे मूळ कारण मानले. पात्राच्या प्रकृतीशी विसंगत असे वर्तन हा त्या अनौचित्याचा एक प्रकार. शिअरर यांचा आक्षेप तत्त्वतः हाच आहे. परंतु औचित्याचा निकष लावण्यासाठी पात्राला स्थिर प्रकृती आणि गतकाल असावा लागतो. सिम्पसनांच्या जगाला असा गतकाल आहे काय?

उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनविषयीच्या निबंधात या पेचाची मीमांसा केली होती. कादंबरीतील नायक प्रत्येक कृतीगणिक थोडा झिजतो, मृत्यूकडे सरकतो. मिथकातील नायक झिजत नाही. बाजारासाठी दर आठवड्याला पुनरावतरणाऱ्या नायकाला दोन्ही भूमिका निभावायच्या असतात. म्हणून त्याच्या कथा एका धूसर, स्वप्नवत काळात घडतात. आधी काय झाले याचा हिशेब ठेवला जात नाही. सिम्पसनांचे जगही तत्त्वतः असेच आहे. परंतु उत्कर्षकाळातच लेखकांनी हा नियम मोडला. ऑक्टोबर १९९५ मध्ये लिसा शाकाहारी झाली आणि पुढे शाकाहारीच राहिली. त्याच वर्षी तिचा सॅक्सोफोनवादक गुरू मरण पावला. १९९१ मधील एका भागाने होमर व मार्ज यांचे प्रेम १९७४ साली जमल्याचे ठरवून दिले. प्रेक्षकाला स्मृती बाळगण्याची सवय अशी संहितेनेच लावली. मग ती स्मृती टॅम्झेरियनच्या वेळी पायदळी तुडवली. जानेवारी २००८ मधील 'दॅट नाइन्टीज शो'ने त्याच दांपत्याचे तारुण्य १९९० च्या दशकात हलवले, तेव्हाही रोषाचे कारण हेच होते. वये गोठलेली आणि बाहेरचा काळ धावता असल्यामुळे असे करणे अपरिहार्य होते, हे खरे. पण ज्यांनी ते आधीचे दशक पात्रांसोबत जगले होते त्यांना आपलाच भूतकाळ पुसल्यासारखे वाटले.

स्मृतीचे दान करणे आणि नंतर ते नाकारणे हा या मालिकेचा संरचनागत दोष आहे. तो क्षितिजाच्या सरकण्याने स्पष्ट होत नाही. तो संहितेत दाखवता येतो. पुढील काळात मालिका स्वतःच त्याची चेष्टा करू लागली. फेब्रुवारी २००० मधील 'सॅडलसोर गॅलॅक्टिका'त दुकानदार 'सर्वांत वाईट भाग' असे छापलेला सदरा घालून वावरतो आणि घोडा पाळण्याचे कथानक पूर्वीच होऊन गेल्याची आठवण करून देतो. १९९७ मध्ये थट्टेमागे विचार होता. येथे दोषाची कबुली हाच दोषाचा परवाना झाला आहे. आत्मभान असणे म्हणजे आत्मपरीक्षण करणे नव्हे, हा फरक या दोन भागांमध्ये ठळकपणे जाणवतो.

५

आता दुसऱ्या क्षणाकडे वळता येईल. २५ फेब्रुवारी १९९० रोजी, पहिल्याच पर्वात, अपू नहासापीमापेटिलॉन हे पात्र मालिकेत आले : छोट्या दुकानाचा भारतीय मालक. त्याच्या नावाचा उगम सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीत आहे. आवाज मात्र हँक अझेरिया या श्वेतवर्णीय अमेरिकन नटाचा. आणि त्या आवाजाच्या घडणीत 'द पार्टी' या १९६८ च्या चित्रपटात पीटर सेलर्स यांनी रंगवलेल्या हृंदी बक्षी या भारतीय पात्राचा वाटा होता. नाव रायांचे आणि वाणी सेलर्सची : या एका पात्रात आदर आणि उपहास यांची अशी जोड घातली गेली.

अपू हे पात्र सपाट नाही, हे नमूद केले पाहिजे. मे १९९६ मधील एका भागाने स्थलांतरितांना हाकलून देऊ पाहणाऱ्या गावाची संभावना त्याच्याच निमित्ताने केली. परंतु अमेरिकेतील दक्षिण आशियाई मुलांना शाळेत ज्या आवाजाने चिडवले गेले तो आवाज अपूचा होता. विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ च्या 'द प्रॉब्लेम विथ अपू' या अनुबोधपटात हीच व्यथा मांडली. स्वतः कोंडाबोलू या मालिकेचे चाहते. त्यांचा आक्षेप बाहेरून आलेला नव्हता.

मालिकेचे उत्तर ८ एप्रिल २०१८ रोजी 'नो गुड रीड गोज अनरेड' या भागात आले. मार्ज आपल्या बालपणीचे एक आवडते पुस्तक आक्षेपार्ह मजकूर वगळून लिसाला वाचून दाखवते; पुस्तकातला जीवच निघून जातो. तेव्हा लिसा थेट प्रेक्षकाकडे वळते आणि म्हणते, की अनेक दशकांपूर्वी सुरू झालेली, वाखाणली गेलेली आणि कोणालाही न बोचणारी गोष्ट आता अयोग्य ठरते, काय करणार? शेजारी अपूचे चित्र दिसते. तीन आठवड्यांनी, २९ एप्रिल रोजी, मालिकेने ६३६ वा भाग सादर करून 'गनस्मोक' या मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मोडला. १९९७ प्रमाणेच येथेही विक्रम आणि उत्तर लगोलग आले.

युक्तिवाद तोच आहे : संहिता तीच, बदलला तो प्रेक्षक. पण ज्याच्याशी लिसा बोलत होती तो प्रेक्षक बदललेला नव्हता. १९९० मध्येही तो घरात बसून हीच मालिका पाहत होता आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तिची किंमत मोजत होता. 'कोणालाही न बोचणारी' या शब्दांत त्याची गणतीच झालेली नाही. पहिल्या लिसाने ज्याचे क्षितिज सरकले होते त्याला ते सरकल्याचे सांगितले. दुसऱ्या लिसाने ज्याचे क्षितिज कधी विचारातच घेतले नव्हते त्याच्यावर ते आत्ता सरकल्याचा आरोप केला. हे उत्तर मार्जच्या वा बार्टच्या मुखी नव्हे, तर मालिकेची सदसद्विवेकबुद्धी मानल्या गेलेल्या लिसाच्या मुखी घालावे, याने अनौचित्य अधिकच गडद होते. स्किनरच्या वेळी प्रकृतिभंगाची तक्रार करणाऱ्यांना येथे खरा प्रकृतिभंग सापडला असता.

याउस यांच्या सिद्धान्ताची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. 'क्षितिज' हा शब्द त्यांनी बहुधा एकवचनात वापरला. एका काळाचा एक वाचकवर्ग गृहीत धरला. स्टॅन्ली फिश यांचे 'अन्वयार्थक समूह' अनेकवचनी आहेत खरे. पण त्या समूहांपैकी कोणाचा आवाज नोंदला जातो आणि कोणाचा नाही, हा प्रश्न तेथेही पुरता धसाला लागत नाही. १९९० च्या चर्चागटातील सजग, सुशिक्षित चाहत्यांनी प्रत्येक विसंगती टिपली. अपूची वाणी ही त्यांच्या लेखी तशी विसंगती नव्हती, म्हणून सुवर्णयुगाच्या चित्रात तो डाग उमटलाच नाही.

अझेरिया यांनी जानेवारी २०२० मध्ये आपण यापुढे अपूचा आवाज देणार नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये, अश्वेतवर्णीय पात्रांना श्वेतवर्णीय नटांचा आवाज यापुढे दिला जाणार नाही, असे निर्मात्यांनी घोषित केले. काही जुन्या चाहत्यांनी यालाही ऱ्हासाचेच लक्षण मानले. २०२१ नंतर मॅट सेल्मन यांच्याकडे मुख्य सूत्रे आल्यावर काही समीक्षक मालिकेच्या पुनरुज्जीवनाविषयी लिहू लागले. दोन्ही निवाडे एकाच संहितेविषयीचे आहेत.

६

या इतिहासातून 'सर्वच मूल्ये सापेक्ष' असा सोयीचा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. 'सॅडलसोर गॅलॅक्टिका' हा 'होमर्स एनिमी'हून निकृष्ट आहे, आणि ते संहितेच्या आधारे सिद्ध करता येते. ऱ्हासाच्या तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, एवढेच या वादाने दाखवून दिले : सरावाने बोथटलेला आस्वाद, संहितेचा तिच्या स्वतःच्या स्मृतीशी झालेला द्रोह, आणि पूर्वी न ऐकलेल्या प्रेक्षकाचे ऐकू येऊ लागणे. पहिली गोष्ट प्रेक्षकाविषयीची आहे, दुसरी कृतीविषयीची. तिसरी मात्र ऱ्हासाची नव्हेच. ज्या उत्कर्षाशी तुलना केली जाते त्याच्या अपुऱ्या वाचनाची ती दुरुस्ती आहे.

'सहृदय' ही संज्ञा वापरताना भारतीय समीक्षेनेही आस्वादकाचे एकच आदर्श रूप बहुधा गृहीत धरले आहे. एखाद्या परंपरेचे सुवर्णयुग ठरवताना त्या काळी सभागृहात बसलेल्या पण टाळ्या न वाजवलेल्या रसिकाची नोंद कोठे आहे, हा प्रश्न त्यामुळेच क्वचित विचारला जातो. एका लोकप्रिय विनोदी मालिकेच्या चाहत्यांचा वाद वाङ्मयेतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो तो येथे. त्या वादाच्या नोंदी शिल्लक आहेत. म्हणून त्यांतील मौनही मोजता येते.